चढली म्हणजे झेपली काय?

महाप्रळहून मंडणगडला येताना शेनाळे घाट लागतो. त्या चढावर पुष्कळदा एखादी लहान पिकअप पुढे असते. हौद्यात जांभ्याचे चिरे, मागे जोडलेला काँक्रीटचा मिक्सर. आपण मागून हॉर्न वाजवतो आणि म्हणतो, "गाडीत दम नाही." श्रोतेहो, हा दम म्हणजे काय, ते पाहू.

१५ मीटर चालले की १ मीटर उंची, असा चढ धरा. त्यावर दर टनामागे सुमारे ६७ किलोची ओढ गाडीला मागे खेचते. गाडी, माल व मिक्सर मिळून ३ टन झाले, तर ओढ २०० किलोंची. घर्षण बाजूला ठेवले तरी ताशी ४० किलोमीटर वेगाला चाकांशी सुमारे ३० अश्वशक्ती लागते. ताशी २० ला १५ पुरते. खालचा गिअर हाच सौदा करतो: वेग देतो आणि ओढ घेतो. म्हणून हळू चढणे हा चालकाचा दोष नव्हे, ते त्याचे शहाणपण आहे.

१८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे. तेथे कर्जतला पुष्कळ गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. आधी ओझे मोजायचे, मग बळ जोडायचे, ही रेल्वेची रीत. रस्त्यावर मात्र ओझे आधी भरले जाते आणि बळाची जबाबदारी एकट्या चालकावर पडते.

खरी कसोटी उतारावर लागते. तीच २०० किलोंची ओढ आता गाडीला पुढे ढकलते. असल्या मिक्सरला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. त्याचा भारही पिकअपच्याच ब्रेकवर येतो. सारखा दाबून ब्रेक तापला की त्याची पकड सुटते, आणि वळणावर मिक्सर गाडीची शेपटी बाजूला रेटतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा. इंजिनच गाडीला आवरते. पण भार बेताबाहेर असेल, तर कौशल्यही हात टेकते.

खेप नाकारली तर रोज बुडतो, हे चालक जाणतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ११३ मर्यादेबाहेर भरलेली गाडी चालवणाऱ्याला मनाई करते, तशीच ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही करते. घर बांधताना "एकाच खेपेत आणा" म्हणणारे आपण असतो. गाडी चढली म्हणजे ओझे झेपले असे नव्हे. उतारावर हवी तेथे थांबली, तरच झेपले.