तुमच्या मोहाचा डेटा कुणाकडे आहे?

सौंदड, सडक अर्जुनी, नवेगावबांधकडचे असाल तर मोह म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन कोण जातं, हेही माहीतच आहे. फक्त एकदा आजीला विचारा, "सगळे मोह सारखेच का गं?" पहिला कुठला गळतो, कुठल्याचं फूल जाड, कुठल्याला टोळ भरपूर, ती झाडागणिक सांगेल.

ही माहिती म्हणजे निव्वळ गप्पा नाहीत. झाडांची नवी जात तयार करणारे लोक हेच शोधत असतात. अक्रोडाचं बघा. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, पण त्यांची वेळ सहसा जुळत नाही. काही झाडांत नर आधी, काहींत मादी आधी. म्हणून शेजारी वेळ जुळणारं दुसरं झाड हवं. जुन्या जातींना फळ बहुतेक फांदीच्या शेंड्यालाच यायचं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी बाजूच्या डोळ्यांनाही फळ धरणारी झाडं हेरली. १९७९ मध्ये आलेली 'चँडलर' त्यातलीच. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' आंबा दिला. हापूस एक वर्ष लागतो, एक वर्ष रुसतो, त्यावरचा हा उपाय.

मोहाचं गणित तर आणखी भारी आहे. फुलात स्त्रीकेसर आधीच बाहेर डोकावतो, पराग नंतर तयार होतात. रात्री वटवाघळं गोड पाकळ्यांसाठी येतात आणि परागीभवन करून जातात. पहाटे पाकळ्यांचा रसदार भाग पुंकेसरांसकट खाली गळतो, पण फळ होणारा भाग फांदीवरच राहतो. त्यामुळे पडलेलं फूल वेचल्याने टोळ कमी होत नाही. एकाच झाडाची दोन पिकं, आधी फूल, मग जून-जुलैत तेलाचं बी!

अडचण वेगळीच आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यात लहान रोपंही जातात. म्हातारी झाडं उभी, पण खाली पोरं नाहीत. बियांपासून लावलं तर फुलायला आठ-दहा वर्षं सहज लागतात, आणि ते आईसारखंच निघेल याची खात्री नाही. कलम केलं तर गुण टिकतो आणि फूलही लवकर येतं. गुजरातमध्ये गोध्र्याजवळच्या वेजलपूर केंद्राने निवडीतून 'थार मधू' ही मोहाची जात काढली आहे. पण तिकडचा कोरडा माळ कुठे आणि आपला झाडीपट्टीचा पाऊस कुठे! इथली मातृवृक्षं इथेच शोधावी लागतील.

बॉटनीचा प्रोजेक्ट शोधताय ना? दहा झाडं घ्या. गेरूने नंबर टाका. पहिलं फूल कधी पडलं, शेवटचं कधी, रोज किती किलो, नंतर टोळ किती, एवढंच वहीत लिहा. एका हंगामावर भरवसा ठेवू नका, मोहही एखाद्या वर्षी हात आखडता घेतो. तीन वर्षं, म्हणजे तुमची डिग्री होईपर्यंत. झाड दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा, मोहाच्या वाटण्या घराघरांत ठरलेल्या असतात. आणि चांगल्या झाडाचे टोळ हाती आले की बी लगेच पेरा. ते काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद गमावतं.