आरसा चेतापेशी

स्वतः एखादी कृती करताना आणि तीच कृती दुसऱ्याला करताना पाहताना, अशा दोन्ही वेळी उद्दीपित होणाऱ्या मेंदूतील चेतापेशींना आरसा चेतापेशी किंवा मिरर न्यूरॉन म्हणतात. दुसऱ्याची कृती ओळखणे, तिचा हेतू जाणणे आणि तिचे अनुकरण करणे यांच्याशी या पेशींचा संबंध जोडला जातो. यांपैकी अनुकरणाचा दावा सर्वाधिक प्रसिद्ध असला, तरी तोच सर्वाधिक वादग्रस्तही आहे.

शोध

इटलीतील पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलात्ती व त्यांचे सहकारी मकाक माकडांच्या मेंदूतील ‘एफ५’ या भागाचा अभ्यास करीत होते. हा भाग हाताच्या हालचालींच्या आखणीशी संबंधित आहे. प्रयोगकर्त्याने खाद्यपदार्थ उचलताच, माकड निश्चल असतानाही, तेथील काही पेशी उद्दीपित होत असल्याचे आढळले. हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘मिरर’ हे नाव १९९६ मध्ये रूढ झाले.

या पेशी केवळ हालचालीला प्रतिसाद देत नाहीत. वस्तू नसताना उचलण्याचा नुसता अभिनय केल्यास बहुतेक पेशी शांत राहतात. याउलट, पडद्याआड वस्तू आहे हे माकडाला आधी दिसलेले असेल, तर हात पडद्याआड गेल्यावरही त्यांपैकी अनेक पेशी उद्दीपित होतात. शेंगदाण्याचे टरफल फोडल्याचा केवळ आवाजही काही पेशींना पुरेसा असतो.

मानवी मेंदू

माणसात असे थेट मापन क्वचितच शक्य होते. अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते, अशा २१ रुग्णांवरील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही प्रसंगी उद्दीपित होणाऱ्या पेशी आढळल्याच; शिवाय कृती करताना उद्दीपित होणाऱ्या, परंतु ती पाहताना मंदावणाऱ्या काही पेशीही सापडल्या. पाहिलेली प्रत्येक कृती आपल्या हातून आपोआप घडू नये, यासाठी हा लगाम असावा असा तर्क आहे. मेंदूच्या ललाटखंडाला इजा झालेले काही रुग्ण, कोणी सांगितले नसतानाही, समोरच्याच्या हावभावांची नक्कल करू लागतात, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते.

पूर्वानुभवाचाही प्रभाव पडतो. लंडनमधील २००५ च्या अभ्यासात बॅले आणि कापुएरा शिकलेल्या नर्तकांना दोन्ही शैलींच्या चित्रफिती दाखवल्या असता, स्वतःच्या शैलीतील हालचाली पाहताना संबंधित भाग अधिक सक्रिय झाले.

वाद

ज्या मकाक माकडात या पेशी सापडल्या, ते स्वतः फारसे अनुकरण करीत नाही. त्यामुळे अनुकरणासाठी केवळ आरसा चेतापेशी पुरेशा नाहीत, हे उघड आहे. मानसशास्त्रज्ञ सेसिलिया हेज यांच्या मते हा गुणधर्म जन्मजात नसून, कृती करणे आणि पाहणे वारंवार एकत्र घडल्याने जडतो. २००७ च्या एका प्रयोगात, तर्जनी हललेली दिसताच करंगळी हलवण्याचा सराव दिल्यावर सहभागींचा नेहमीचा प्रतिसाद उलटला.

डीएनएने जीवशास्त्रासाठी जे केले ते या पेशी मानसशास्त्रासाठी करतील, असे भाकीत व्ही. एस. रामचंद्रन यांनी २००० मध्ये केले होते. ग्रेगरी हिकॉक यांनी २०१४ च्या पुस्तकात अशा दाव्यांवर कठोर टीका केली. मेंदूच्या इजेमुळे बोलण्याची क्षमता गमावलेले अनेक रुग्ण इतरांचे बोलणे बऱ्याच अंशी समजू शकतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. स्वमग्नता या पेशींतील बिघाडामुळे उद्भवते, ही एकेकाळी गाजलेली कल्पनाही पुढील अभ्यासांतून सिद्ध झालेली नाही.