नोकरी सुटते कधी, टिकते कशाने?

जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी 1958 मध्ये केलेल्या विवेचनानुसार नोकरी सोडण्यामागे दोन गोष्टी असतात, सोडावीशी वाटणे आणि सोडणे सोपे असणे. त्यामुळे रखडलेल्या बढतीने मन उडाले तरी दुसरीकडे जागा नसेल, तर माणूस आहे तिथेच कुढत राहतो. मुंबईतल्या मनोरी गावात या हिशेबात खाडीही येते, कारण मार्वेची फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे पोचवते, पण ती चुकली की उत्तन-भाईंदरचा लांबचा वळसा उरतो आणि रात्री उशिरा सुटणारी पाळी चांगल्या पगारालाही भारी पडते. अशा कर्मचाऱ्यासाठी शेवटच्या फेरीआधी सुटी देणे पगारवाढीपेक्षा स्वस्त पडेल, मात्र मनुष्यबळ विभागाच्या तक्त्यात फेरीबोटीला रकाना नसतो.

टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रश्न उलटा करून माणसे का थांबतात, हे तपासले आणि ‘रुजलेपण’ ही संकल्पना मांडली, जिच्यात लोकांशी जडलेले लागेबांधे, कामाशी व परिसराशी जमलेली जुळणी आणि सोडताना गमवावे लागणारे लाभ हे तीन घटक येतात. मच्छीमार नौकांवर खलाशाला दिली जाणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, यांपैकी फार तर तिसऱ्या घटकाच्या जवळ जाते, कारण कर्ज माणसाला अडकवते, रुजवत नाही. उलट मासळीच्या उत्पन्नात वाटा असेल तर नौकेचे नशीब त्याचेही होते. पावसाळी मासेमारीबंदीत गावी गेलेला खलाशी त्याच तांडेलाकडे, म्हणजे नौकेच्या प्रमुखाकडे, परततो की नाही, हे बऱ्याचदा मागच्या हंगामाचा हिशेब वेळेवर चुकता झाला की नाही यावर ठरते.