बगदादपासून खुलताबादपर्यंत

भंडाऱ्यातल्या आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगी हिरमुसून बसली होती. तिच्या आडनावात 'खान', म्हणून मुले 'तुमचा चंगेजखान' असे चिडवत. आम्ही त्या दिवशी धडा बाजूला ठेवला.

चंगेजखान मुसलमान नव्हता. 'खान' ही मध्य आशियातली जुनी पदवी. १२०६ मध्ये तेमुजिनने विखुरलेल्या टोळ्या एकत्र केल्या आणि चंगेजखान हे नाव घेतले. चपळ घोडदळ आणि दहा, शंभर, हजार अशी बांधलेली फौज, यांच्या बळावर हे राज्य चीनपासून रशियापर्यंत गेले. १२५८ मध्ये त्याचा नातू हुलागूने बगदाद उद्ध्वस्त करून खलिफाला ठार मारले. मुसलमानांनीही त्यांचा मोठा मार सोसला. १२६० मध्ये ऐन जालूत येथे मिसरच्या मामलुकांनी त्यांना रोखले.

त्याची झळ हिंदुस्थानालाही लागली. १२८५ मध्ये मंगोलांशी लढताना बल्बनचा शहजादा मुहम्मद मारला गेला. त्याच्या दरबारचे शायर अमीर खुसरो कैद झाले. दुसरे शायर, खुसरोंचे दोस्त अमीर हसन सिज्जी, पुढे दौलताबादेस आले. त्यांची कबर आपल्या महाराष्ट्रात, खुलताबादेत आहे.

मग मंगोल गेले कुठे? वारस आपसांत भांडले. १३३५ नंतर इराणातली आणि १३६८ मध्ये चीनमधली सत्ता संपली. त्याआधीच, १२९५ मध्ये, हुलागूचा पणतू गाझान याने इस्लाम स्वीकारला होता.

सुट्टी झाली तेव्हा चिडवणाऱ्यांपैकीच एकाने तिला विचारले, "खुलताबाद किती लांब आहे गं?"