कोर्टाची पायरी आणि पूर्वजांचा पत्ता

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. सिडनीच्या पश्चिमेला क्वेकर्स हिलमध्ये राहायला आल्यावर मला या म्हणीची दुसरी बाजू कळली. इथे आयरिश वंशाची घरे पुष्कळ. खापरपणजोबा कोण, कुठल्या गावचे, जहाजात बसण्याआधी काय करत होते, हे शोधायचा ध्यास त्यांतल्या अनेकांना असतो. आणि ज्यांचा पूर्वज कधीकाळी कोर्टाची पायरी चढला, त्यांना पत्ता सापडण्याची आशा अधिक असते. सरळमार्गी गरीब माणूस कागदावर फारसा उमटतच नाही. कोर्टात उभा राहिलेला गरीब मात्र नाव, गाव, धंदा आणि कधी कधी स्वतःच्या बोलण्यासकट वर्तमानपत्रात छापला गेला.

आमच्या घरापासून गाडीने जरा पुढे राउझ हिलची कॅसलब्रूक दफनभूमी आहे. तिथे १९८८ साली उभारलेले एक स्मारक आहे. ४ मार्च १८०४ च्या रविवारी रात्री कॅसल हिलच्या सरकारी शेतावरच्या दोनशेहून अधिक कैद्यांनी बंड केले. त्यांत बहुसंख्य आयरिश, आणि कित्येकजण १७९८ च्या आयर्लंडमधल्या उठावात पकडलेले. दुसऱ्या दिवशी मेजर जॉर्ज जॉन्स्टनच्या तुकडीने त्यांना एका टेकडीजवळ गाठले. आयर्लंडमध्ये वेक्सफर्ड काउंटीतल्या व्हिनेगर हिलवर १७९८ मध्ये बंडखोरांचा पराभव झाला होता, तेच नाव या टेकडीलाही पडले. म्होरक्या फिलिप कनिंगहॅमला खटला न चालवताच फाशी दिले गेले. बाकीच्यांवर पॅरामाटा येथे घाईघाईने खटले झाले. एकूण नऊजण फासावर गेले, काहींना फटके बसले आणि उरलेल्यांतल्या अनेकांची रवानगी न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींकडे झाली.

ही हकीकत त्याच आठवड्यात ‘सिडनी गॅझेट’ने छापली. ५ मार्च १८०३ रोजी सुरू झालेले हे पत्र तेव्हा जेमतेम एक वर्षाचे होते. गव्हर्नरच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यात काही छापले जात नसे, त्यामुळे बंडखोरांची बाजू तिथे शोधू नये. तरीही नावे आहेत, शिक्षा आहेत, तारखा आहेत. अंक छापणारा जॉर्ज हाउ हा स्वतःच दुकानातल्या चोरीबद्दल शिक्षा होऊन इथे आलेला कैदी होता. कैद्याने खिळे जुळवून कैद्यांची नावे छापली, म्हणून ती आज वंशजांच्या हाती लागतात.

आयरिश माणसाला वर्तमानपत्रच का चाळावे लागते, याचे उत्तर डब्लिनमध्ये आहे. आपल्याकडे कुळाचा माग काढायचा तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, कुणाचा छापील कुलवृत्तांत असतो. आयरिश लोकांची अशी वही जळून गेली. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ इमारतीत मोठा स्फोट झाला आणि तिथले सरकारी दप्तरखाने नष्ट झाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक कागदपत्रे त्यात गेली. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणनांचे कागद तर सरकारनेच आधी नष्ट केले होते. स्फोटाआधीची, संपूर्ण देशाची म्हणून १९०१ आणि १९११ चीच जनगणना आज हाती आहे. जन्ममृत्यूची सरसकट नोंद सुरू झाली ती १८६४ पासून. दुष्काळात, म्हणजे १८४५ नंतरच्या काही वर्षांत, देश सोडून गेलेल्या कुटुंबाला त्यांत काय सापडणार? अशा वेळी गावाकडच्या पत्रातली कोर्टाची बातमी अनेकदा मोठा आधार ठरते.

ती वाचताना कोर्टाच्या पायऱ्या माहीत हव्यात. सर्वांत खाली ‘पेटी सेशन्स’. दारू पिऊन दंगा, शेजाऱ्याच्या रानात शिरलेली गाय, बांधावरून मारामारी असले तंटे तिथे चालत. त्याच्या वर वर्षातून चारदा भरणारे ‘क्वार्टर सेशन्स’. आणि खून, दरोडा, मोठी चोरी यांसाठी वर्षातून दोनदा फिरत येणाऱ्या न्यायाधीशांचे ‘असाइझेस’. काळ्या पाण्याची शिक्षा बहुधा वरच्या दोन कोर्टांतून व्हायची. शोधणाऱ्याला मात्र खालच्या कोर्टाची चार ओळींची बातमीच अनेकदा जास्त माहिती देते. आरोपीच्या बहिणीने काय साक्ष दिली, शेत कोणाचे, फिर्यादी कुठल्या वाडीचा, हे त्यात असते. एका गायीच्या तंट्यात सगळी वाडी हजर होते.

ऑस्ट्रेलियातल्या बातम्यांसाठी कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००९ मध्ये सुरू केलेले ‘ट्रोव्ह’ आहे. घरबसल्या, फुकट. १८०३ च्या गॅझेटपासून साधारण १९५४ पर्यंतची शेकडो पत्रे त्यात आहेत. आमच्या भागासाठी पॅरामाटाचे ‘कम्बरलँड आर्गस’ आणि ‘विंडसर अँड रिचमंड गॅझेट’ ही दोन पत्रे खास उपयोगी पडतात. पडद्यावर एका बाजूला जुन्या पानाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर दिसतो. झिजलेल्या टाइपामुळे यंत्र चुकते आणि नावाचे भलतेच काही करून ठेवते, मग शोध तिथेच अडतो. हजारो स्वयंसेवक अशा ओळी दुरुस्त करतात. तुम्ही-आम्हीही करू शकतो. आपण नीट केलेले एक आडनाव कुणा अनोळखी माणसाला त्याच्या पणजीपर्यंत पोहोचवते.

शोधायचीही रीत आहे. नुसत्या आडनावाने शोधू नये. आडनावातला ‘ओ’ कधी गळतो, कधी परत येतो, स्पेलिंग दर बातमीत बदलते. आडनावाबरोबर गाव, धंदा किंवा जहाजाचे नाव घालावे. न्यू साउथ वेल्सच्या दप्तरात कैद्याची ओळख जहाजावरूनच पटते. विक्लोचा बंडखोर मायकेल ड्वायर १८०६ मध्ये ज्या ‘टेलिचेरी’ जहाजातून आला, त्याचे नाव केरळच्या आपल्या थलश्शेरीवरून पडलेले. जहाज कळले की किंग्जवूडच्या सरकारी अभिलेखागारात त्याच माणसाचे सुटकेचे दाखले आणि माफीची पत्रे शोधता येतात.

एक प्रसिद्ध घर घ्या. जॉन केलीला टिपरेरीत १८४१ साली दोन डुकरे चोरल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली आणि तो टास्मानियात आला. त्याचा मुलगा, कुप्रसिद्ध दरोडेखोर नेड केली, ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नमध्ये फासावर गेला. नेडची कहाणी इथे सगळ्यांना ठाऊक असते. कोर्टाच्या बातम्यांत मात्र त्याची आई एलनही भेटते. ऑक्टोबर १८७८ मध्ये बीचवर्थच्या कोर्टात तिला तीन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा तिच्याजवळ अंगावर पिणारे मूल होते. शिक्षा सुनावणारा न्यायाधीश रेडमंड बॅरीही आयर्लंडचाच. दुष्काळाने अनाथ झालेल्या चार हजारांहून अधिक आयरिश मुली १८४८ ते १८५० या काळात इथे आणल्या गेल्या, त्यांतल्या कित्येकींचे मालकिणीशी झालेले तंटेही मॅजिस्ट्रेटसमोर गेले. त्या मुलींचा आवाज बाकी कुठे उरला आहे?

दोन बाबतींत मात्र सावधगिरी बाळगावी. ‘आरोपी’ म्हणजे गुन्हेगार नव्हे. खटल्याचा निकाल पुढच्या अंकात असतो, तो वाचल्याशिवाय पूर्वजावर शिक्का मारू नये. आणि एकाच नावाची दोन माणसे एकाच गावात असतात. वय, जहाज, बायकोचे नाव यांतल्या निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय त्याला आपला म्हणू नये.

हे सगळे वाचताना मन सारखे महाराष्ट्रात जाते. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या विरोधात शेतकरी उठले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात खटला चालला आणि त्यांना एडनला पाठवले गेले. फडक्यांचे नाव आपल्याला पाठ आहे. त्यांच्याबरोबर धरलेल्या रामोश्यांची, सुप्याच्या कुणब्यांची नावे किती घरांना माहीत असतील? कुलवृत्तांत मोजक्या कुळांचे छापले गेले. बाकीच्या मराठी घरांचा इतिहास कोर्टाच्या दप्तरांत आणि ‘ज्ञानप्रकाश’, ‘दीनबंधु’, ‘केसरी’सारख्या पत्रांच्या जुन्या फायलींत शोधावा लागेल.

पूर्वज कोर्टात उभा राहिला होता हे कळले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. इथल्या आयरिश घरांत हे आता अभिमानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. त्या माणसाला छापील पानावर जागा मिळण्याचा तो एकच दरवाजा होता.

म्हणून या दिवाळीत घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा. मूळ गाव, आडनावाची जुनी रूपे, आजीचे माहेर, लोक कुजबुजत सांगतात ती खटल्याची गोष्ट, सारे तारखेसह लिहून घ्या. माळ्यावर जुन्या पत्रांचे गठ्ठे असतील तर रद्दीत घालू नका, जवळच्या ग्रंथालयाला दाखवा. ज्या गोष्टी आपण आज लिहून ठेवणार नाही, त्या शोधायला उद्या कोणतेही यंत्र उपयोगी पडणार नाही.