ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक एकदा उघडून बघा

या पानावर आजवर आपण घनसाळची लावण, उसातली हुमणी, काजूवरचा ढेकण्या असंच बोलत आलो. आजचा विषय शेताबाहेरचा आहे, पण घराबाहेरचा नाही. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या भागात माजी सैनिक नाही असं गाव क्वचितच सापडेल. पेन्शनवर आलेला माणूस कुठल्याही हुद्द्यावरून आलेला असो, गावात तो ‘मेजर’च. हे मेजर लोक आपलेच खातेदार. डोंगराकडेला थोडं भात, थोडा काजू, दावणीला एखादी म्हैस. बियाण्याच्या नाहीतर अनुदानाच्या कामाला त्यांच्याकडं गेलं की कामाचं बोलणं दहा मिनिटांत संपतं आणि मग ट्रंक उघडते.

तालुक्यातल्या अशाच एका मेजरांनी मध्यंतरी माझ्यापुढं डिस्चार्ज बुक ठेवलं. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. १९७१ च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर होते. म्हणाले, “साहेब, तुमास्नी इंग्रजी येतंय न्हवं? पदकांच्या रकान्यात काय लिवलंय तेवढं वाचा.” रकान्यात दोनच नोंदी होत्या. एक नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेच्या पदकाची, दुसरी स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापन दिनाच्या पदकाची. लढाईची एकही नाही. “मी हुतो की तिथं. माझ्या शेजारचा गडी गेला. आन् कागद म्हणतोय मी न्हवतोच.” यात पैशाचा प्रश्न नाही, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

हे एकट्याचं दुखणं नाही. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

पदकं दोन जातीची असतात. पहिली शौर्याची: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र, सेना मेडल. ही शिफारशीनं मिळतात आणि नावानिशी भारताच्या राजपत्रात छापून येतात. त्यामुळं मिळालेल्या शौर्यपदकाची नोंद चुकली तरी राजपत्रातून माग काढता येतो. आणि तो काढलाच पाहिजे, कारण या पदकांना दरमहा भत्ता आहे. २०१७ साली ठरलेल्या दरानं परमवीर चक्राला २० हजार, वीर चक्राला ७ हजार आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २ हजार रुपये. मात्र ज्याची त्या वेळी शिफारसच झाली नाही, ते शौर्यपदक आता अर्ज करून मिळेल अशा आशेवर कुणी राहू नये. कुणी एजंट तसं सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

दुसरी जात सेवापदकांची. अमुक काळात अमुक ठिकाणी ड्यूटी केली म्हणून मिळणारी. १९६५ चा समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चा पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, सियाचीन ग्लेशियर मेडल, कारगिलच्या वेळचं ऑपरेशन विजयचं पदक, ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवेची पदकं. यांना भत्ता नाही आणि प्रत्येकाचं नाव राजपत्रातही येत नाही. घोळ होतो तो इथंच.

काही पदकं तपासायला अगदी सोपी आहेत. १५ ऑगस्ट १९७२ या दिवशी तुम्ही नोकरीत होता का? मग पंचविसाव्या वर्धापन दिनाचं पदक तुमच्या नावावर दिसलं पाहिजे. १५ ऑगस्ट १९९७ ला होता का? मग पन्नासाव्याचं. भरतीची आणि सुटीची तारीख बुकात आहेच. बोटावर मोजा आणि रकाना बघा.

सातबारा आणि फेरफार

नोंद कशी होते हे आपल्या भाषेत सांगायचं तर असं. सातबाऱ्यावर नाव आपोआप चढत नाही, आधी फेरफार मंजूर व्हावा लागतो. सैन्यातही तेच. जवानाच्या नोकरीतली प्रत्येक घडामोड, म्हणजे बढती, बदली, लग्न, मुलाचा जन्म, पदक, पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये निघते. ती ऑर्डर अभिलेख कार्यालयात, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं त्याच्या शीट रोलवर उतरते. पार्ट टू ऑर्डर हा फेरफार, शीट रोल हा सातबारा आणि घरी आणलेलं डिस्चार्ज बुक ही खातेपुस्तिका. खातेपुस्तिकेत नाही म्हणजे सातबाऱ्यावर नाहीच, असं नसतं. कधी सुटीच्या घाईत बुकात उतरवायचं राहिलेलं असतं, मूळ नोंद शाबूत असते. कधी मात्र फेरफारच निघालेला नसतो. पहिल्या वेळी नोंद दुरुस्त करून मागायची. दुसऱ्या वेळी तुम्ही त्या काळात तिथं होता हे आधी सिद्ध करावं लागतं. दोन्ही कामं वेगळी, म्हणून अर्जात आधी एवढंच विचारा की माझ्या शीट रोलवर कोणकोणत्या पदकांच्या नोंदी आहेत. ते उत्तर हातात आल्यावर पुढचं ठरवा.

नोंद राहण्याची कारणं बहुतेक साधीच असतात. पदक जाहीर होऊन त्याचे नियम निघेपर्यंत माणूस दुसऱ्या पलटणीत गेलेला असतो किंवा घरी आलेला असतो. लढाईच्या दिवसांत तो दुसऱ्या युनिटला जोडलेला असतो. जुनं युनिट म्हणतं नवं पाठवील, नवं म्हणतं जुनं पाठवील. आणि तिसरं कारण नावाचं. भरतीच्या वेळी लिहिणारा कारकून परमुलखातला, सांगणारा आपला अठरा वर्षांचा पोरगा. वडिलांचं नाव मधे की शेवटी, आडनाव लावायचं की गावाचं नाव, ‘बाळू’ लिहायचं की ‘बाळकृष्ण’, जे कानावर पडलं ते बसलं.

आणखी एक गोष्ट सुटते. आपल्याकडचे बरेच जण पेन्शन झाल्यावर डी.एस.सी.त पुन्हा भरती होतात. तिथं नंबर नवा आणि रेकॉर्ड ऑफिसही वेगळं, केरळात कण्णूरला. पहिल्या नोकरीतल्या पदकांबद्दल कण्णूरला लिहून उपयोग नाही. जुन्या नंबरानं जुन्याच ऑफिसला लिहायचं.

अर्ज कुठं करायचा?

ज्या रेजिमेंटमधून सुटला तिच्या रेकॉर्ड ऑफिसकडं. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ई.एम.ई.चं सिकंदराबादला. अर्ज कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर बरं; तिथली माणसं मसुदा नीट करून देतात आणि आवक-जावकला नंबर पडतो.

अर्ज एका पानाचा असावा, हिंदीत किंवा इंग्रजीत. सर्व्हिस नंबर, हुद्दा, डिस्चार्ज बुकात आहे तसंच नाव, भरतीची आणि सुटीची तारीख, पी.पी.ओ. नंबर, आणि अमुक महिन्यात अमुक पलटणीबरोबर अमुक ठिकाणी होतो एवढा मजकूर. लढाईची कहाणी लिहू नका, ती नातवंडांना सांगा. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स जोडा, कोरी पानंसुद्धा. जखमी झाला असाल तर इस्पितळाचा कागद सोन्यासारखा, कारण त्यावर तारीख आणि ठिकाण दोन्ही असतं. बरोबरच्या साथीदाराचं लेखी निवेदन जोडावं, पण तेवढ्यावर नोंद होईल असं समजू नये. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती बुकातच ठेवा. पूर्वीचं रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टातच मिसळलं आहे, त्यामुळं खिडकीवर हुज्जत नको. बरेच महिने उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून शीट रोलची आणि पार्ट टू ऑर्डरची नक्कल मागता येते. त्याला तीस दिवसांची मुदत आहे. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईला खंडपीठ आहे, पण तिथवर जायची वेळ सहसा येऊ नये.

पेन्शन न घेता, थोड्या वर्षांच्या नोकरीवर सुटून आलेल्यांनी मात्र घाई करावी. त्यांची कागदपत्रं सुटल्यापासून पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. मग उरतो तो फक्त ‘लाँग रोल’, त्यात माणसाची चार ओळींची ओळख असते. तुमच्या घरचं बुक हाच त्यानंतरचा मोठा पुरावा.

पदक शोधताना निघालेली दुसरीच गोष्ट

वर सांगितलेल्या मेजरांचा अर्ज लिहिताना मी बुकाची सगळी पानं चाळली. बायकोच्या नावाच्या जागी भलतंच नाव. विचारलं तर स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “त्ये माझं म्हायेरचं नाव न्हवं का.” लग्नात नाव बदललं, आणि पलटणीत सांगताना पाहुण्यांनी लिहून दिलेलं जुनं नाव गेलं. आधारवर, रेशनकार्डावर, बँकेत नवं नाव. पन्नास वर्षं हे दोन कागद एकमेकांना भेटलेच नव्हते. ते भेटले असते मेजरांच्या माघारी, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी, आणि तेव्हा ही बाई मीच ती, हे सांगायला साक्षीदार म्हणून नवरा नसता.

मला विचाराल तर पदकापेक्षा हे काम आधीचं. मेजरांना ते पटायला एक आठवडा लागला. मग दोन वेगळे अर्ज केले. बायकोच्या नावासाठी प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना (आपल्याच अंकात मागच्या पानावर अशा सूचना असतात, पण कुणी वाचत नाही), आधार आणि बँक पासबुकाची नक्कल. ती दुरुस्ती होऊन पत्र आलं. पूर्वी स्टारच्या अर्जाला पोच आली आहे, पलटणीच्या यादीवरून पडताळणी सुरू असल्याचं कळवलंय. काकू म्हणतात, “माझं झालं, आता ह्यांचं हुंदे.”

ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींना इथं एक विनंती. (पदांची नावं २०२४ साली बदलली, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी झाली, पण गावाच्या तोंडात अजून जुनीच आहेत.) ‘अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती’ असा दाखला मागायला माजी सैनिक आला, तर त्याला कोऱ्या फॉर्मवर परत पाठवू नका. दाखल्यात दोन्ही नावं डिस्चार्ज बुकातल्या आणि आधारवरच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणं अक्षरन् अक्षर उतरवा. एका अक्षरावरून कागद बेळगावहून नाहीतर जबलपूरहून माघारी आला की म्हाताऱ्या माणसाचे चार महिने जातात. घरपट्टीचंही तसंच. पूर्वी करमाफीसाठी शौर्यपदकाचा पुरावा लागायचा. २०२० साली राज्य सरकारनं बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं योजना काढून ती सवलत सर्व माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना लागू केली. तरी अजून एखाद्या ग्रामपंचायतीत ‘पदक दाखवा’ म्हणतात असं ऐकू येतं.

दाद मागायला किती काळ लागू शकतो याचं उदाहरण लांब नाही, शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं आहे. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात ई.एम.ई.चे जवान होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून ते अपंग झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला झालेल्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी अर्ज केला, तो फेटाळला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन जीवनगौरव मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. हे खातं क्रीडा विभागाचं, रेकॉर्ड ऑफिसचं नव्हे. पण साऱ्या जगापुढं मिळवलेल्या पदकाच्या माणसाला त्रेचाळीस वर्षं लागली, तर बांगलादेशच्या चिखलात उभ्या असलेल्या आपल्या शिपायाची नोंद अर्जाशिवाय कोण शोधणार?

काही घरांत आजोबा-पणजोबांची दुसऱ्या महायुद्धातली पदकं आहेत. बेळगावचं मराठा केंद्र १९२२ पासूनचं, पण कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये असलेल्यांची गोष्ट वेगळी. ती पलटण संस्थान विलीन झाल्यावर मराठा लाईट इन्फंट्रीत १९ वी बटालियन म्हणून गेली. अशा वारसांनी अर्जात संस्थानी पलटणीचं नाव स्पष्ट लिहावं, नुसतं ‘मराठा’ लिहू नये. वारसाला, विधवेला असा अर्ज करता येतो. सोबत वारसाचा पुरावा लागतो.

आता राहिली आपल्या पावसाची गोष्ट. आजऱ्याच्या ओलीत चार महिने बंद ट्रंकेत कागद टिकत नाही. कसर लागते, शाई पसरते, पानं एकमेकाला चिकटतात. डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका, शिक्का तपासायला मूळ पान उघडं लागतं. प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत, सोबत कडुनिंबाचा वाळला पाला घालून, चुलीच्या बाजूच्या उबदार फळीवर ठेवा. मृग निघायच्या आत दोन झेरॉक्स काढा, एक लेकीकडं ठेवायला द्या. आणि कोल्हापूरला सैनिक कल्याण कार्यालयात जाताना मूळ बुक, आधार, पासबुक आणि बायकोला, चौघांनाही बरोबर न्या.