डिश काढून स्टिक लावताना

डीटीएचचा सेट टॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंग स्टिक, दोन्ही टीव्हीमागच्या एकाच प्रकारच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बसतात. एक काढायचे, दुसरे खोचायचे. जोडणीपुरते काम पाच मिनिटांत होते. बदलते ती चित्र घरात येण्याची वाट. डिशवर उतरणारे चित्र आकाशातून सगळ्यांसाठी एकदमच सोडलेले असते. स्टिकवरचे चित्र मात्र त्या एका घराने मागितले म्हणून, त्या घरापुरते, इंटरनेटवरून पाठवले जाते. पुढे खर्चात, पावसाळ्यात, क्रिकेटच्या सामन्यात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सवयीत जो फरक पडतो, त्याचे मूळ यातच आहे.

डीटीएचचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर असतो. पृथ्वी स्वतःभोवती जेवढ्या वेळात फिरते तेवढ्याच वेळात तोही एक फेरी पुरी करतो, म्हणून खालून तो जागच्या जागी दिसतो आणि एकदा रोखलेली डिश पुन्हा हलवावी लागत नाही. भारतातल्या डीटीएच सेवांचे उपग्रह साधारण 83 ते 108 अंश पूर्व रेखांशांवर आहेत, त्यामुळे मुंबई-पुण्याकडच्या डिशचे तोंड आग्नेयेच्या बाजूला असते. ज्या फ्लॅटच्या खिडक्या फक्त पश्चिमेला किंवा उत्तरेला उघडतात, त्यांची डिश गच्चीवर न्यावी लागते ती याच कारणाने. डिशच्या दांड्यावरचा एलएनबी गोळा झालेले सिग्नल कमी कंप्रतेवर आणून केबलमधून बॉक्सकडे धाडतो आणि बॉक्स ते उलगडतो. कंपनीच्या सगळ्या वाहिन्या, पैसे भरलेल्या आणि न भरलेल्या, प्रत्येक डिशवर दिवसरात्र पडतच असतात. रिचार्ज म्हणजे त्यांतल्या काहींचे कुलूप उघडणे. हे कुलूप प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही.

भारतात खासगी डीटीएच सेवा ऑक्टोबर 2003 मध्ये डिश टीव्हीने सुरू केली. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आली, 2006 मध्ये टाटा स्काय, 2008 मध्ये एअरटेल. जिथे केबलवाल्याची तार कधीच पोचली नसती, अशा वाड्यावस्त्यांवर या सेवांनी शहरातल्याइतकेच स्वच्छ चित्र नेले. हे काम मोठे होते. 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या नियमांनी बिलाची रचना बदलली. पहिल्या 100 वाहिन्यांसाठी 130 रुपयांपर्यंत जोडणी शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे. एकेक वाहिनी निवडण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला, पण वाहिन्यांच्या याद्या बघून अनेकांनी कंपनीने दिलेला पॅकच पत्करला. जुलै 2024 मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाही ट्रायने काढली. दरम्यान फायबर इंटरनेट तालुक्याच्या गावापर्यंत पोचू लागले होते. 2020 च्या अखेरीस सशुल्क डीटीएचचे सुमारे 7 कोटी सक्रिय ग्राहक होते. 2025 मध्ये ते 6 कोटींच्या खाली होते. सोडून गेलेले सगळेच स्ट्रीमिंगकडे गेले असे नाही, काहींनी दूरदर्शनची मोफत डिशही घेतली.

स्ट्रीमिंगमध्ये कार्यक्रमाचे काही सेकंदांचे छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमीजास्त दर्जात तयार ठेवलेला असतो. स्टिक एकामागून एक तुकडे मागवते, थोडे पुढचे साठवून ठेवते आणि मग दाखवते. इंटरनेट मंदावले की ती हलक्या दर्जाचा तुकडा मागते, म्हणून चित्र मध्येच धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होते. साठवलेले संपले आणि पुढचे आले नाही, की पडद्यावर गोल फिरत राहतो. त्यालाच बफरिंग म्हणतात.

क्रिकेट बघताना या साठवणुकीचा परिणाम ठळकपणे जाणवतो. उपग्रहाचा सिग्नल वर जाऊन खाली येईपर्यंत 70 हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापतो, पण प्रकाशाच्या वेगाने त्याला जेमतेम पाव सेकंद लागतो. स्टिकवरचा सामना कदाचित मुंबईतल्याच सर्व्हरवरून येत असतो, तरी तुकडे करणे, पाठवणे आणि साठवणे यात तो बहुधा वीस-तीस सेकंद मागे पडतो. शेजारच्या घरात डिश असेल तर विकेट पडल्याचा आरडाओरडा भिंतीपलीकडून आधी ऐकू येतो आणि इकडे गोलंदाज अजून धावायला लागलेला नसतो. उपकरणात काही बिघाड नसतो. ज्याला हे चालणार नाही त्याने डिश ठेवावी. गर्दीचाही प्रश्न आहे. आकाशातून येणाऱ्या चित्राला एक प्रेक्षक काय आणि कोटभर काय, सारखेच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकाला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी लोक होते, आणि तरीही प्रक्षेपण चालू राहिले. या तंत्राची आजची ताकद त्यावरून कळते.

पावसाच्या बाबतीत पारडे उलट फिरते. डीटीएचच्या केयू बँड लहरी जोराच्या सरींमध्ये पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात आणि विखुरतात. कोकणात जुलैच्या दुपारी मालिका ऐन रंगात आली असताना निळ्या पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते, ती त्यामुळेच. फायबरच्या काचेच्या तारेला पावसाचे काही वाटत नाही. पण झाड पडून तार तुटली तर दुरुस्ती होईपर्यंत टीव्ही, फोनचे वायफाय आणि मुलांचा अभ्यास एकदमच बंद. वीज गेल्यावर डिशला टीव्ही आणि बॉक्स एवढेच इन्व्हर्टरवर घेतले की पुरे होते. स्ट्रीमिंगला राउटरही चालू हवा. भारनियमनाच्या गावात हे आधीच बघून ठेवावे.

खरा निर्णय इंटरनेटवरच ठरतो, स्टिक कोणती घ्यायची हा नंतरचा प्रश्न. एचडी चित्राला सेकंदाला साधारण 5 मेगाबिटचा सलग वेग लागतो, फोर-के चित्राला 15 च्या पुढे. 30 मेगाबिटच्या साध्या फायबर जोडणीवर एक टीव्ही आणि दोन-तीन फोन आरामात चालतात. डेटाचा हिशेब मात्र करून बघावा. एचडीला तासाला दोन ते तीन जीबी लागतात. घरात रोज चार तास टीव्ही चालत असेल तर महिन्याला 300 जीबीच्या आसपास जातात. फायबरच्या अनेक योजनांत महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते, तिथे चिंता नाही. पण मोबाईलच्या हॉटस्पॉटवर स्टिक चालवायची म्हटले तर रोजचे दोन जीबी तासाभरातच संपतात. फायबर नसलेल्या घराने डिश काढायची घाई करू नये.

पैसे वाचतात का, याचे उत्तर घरागणिक बदलते. महिना 399 रुपयांची फायबर योजना जीएसटीसह 471 रुपयांच्या घरात जाते. हे इंटरनेट मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरून काम करण्यासाठी आधीच घेतलेले असेल, तर डीटीएचचे तीन-चारशे रुपये सरळ वाचतात आणि त्यातून एखाद-दुसऱ्या ॲपची वर्गणी निघते. टीव्हीसाठीच इंटरनेट घ्यायचे असेल तर खर्च वाढतो. शिवाय डीटीएचचे बिल एक होते. स्ट्रीमिंगमध्ये झी मराठी पाहायला झी5, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीसाठी जिओहॉटस्टार, सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह, अशी वाटणी आहे, आणि प्रत्येकाची मुदत वेगळ्या तारखेला संपते. मराठी बातम्यांच्या प्रमुख वाहिन्या यूट्यूबवर फुकट थेट दिसतात. दूरदर्शनच्या वाहिन्या प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ ॲपवर आहेत. ते नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झाले. म्हणून स्टिक घेण्याआधी आठवडाभर घरात प्रत्यक्ष काय पाहिले जाते ते कागदावर लिहून काढावे. दोनशे वाहिन्यांच्या पॅकमधल्या आठ-दहाच खऱ्या लागतात, असे बहुतेक घरांत आढळते. वर्गणी घेताना एक गोष्ट जरूर तपासावी: काही ॲपच्या सर्वांत स्वस्त योजना फक्त मोबाईलपुरत्या असतात, टीव्हीवर त्या चालत नाहीत.

टीव्ही स्मार्ट असेल आणि त्यात हवी ती ॲप नीट चालत असतील तर वेगळे उपकरण घेण्याची गरजच नाही. पण सात-आठ वर्षांपूर्वीच्या स्मार्ट टीव्हीला कंपनीकडून सुधारणा मिळणे थांबलेले असते; ॲप उघडत नाहीत किंवा रखडतात. पडदा उत्तम असताना एवढ्यासाठी टीव्ही टाकून देण्यापेक्षा काही हजारांची स्टिक लावणे शहाणपणाचे. एचडीएमआय नसलेल्या जुन्या डब्ब्या टीव्हीला कन्व्हर्टर लावता येतो, मात्र त्यावरची अक्षरे इतकी बारीक आणि पुसट दिसतात की म्हाताऱ्या डोळ्यांना त्रासच होतो.

बाजारात ‘आयुष्यभर सगळे फुकट’ म्हणून नावगाव नसलेले अँड्रॉइड बॉक्सही विकले जातात. त्यांच्यापासून लांबच राहावे. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स 2.0’ या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. असे बॉक्स कारखान्यातून निघतानाच किंवा जोडताना उतरवलेल्या ॲपमधून दूषित होतात आणि घरातल्या इंटरनेटचा वापर गुन्हेगारांना करू देतात. शिवाय ज्या उपकरणाला योग्य प्रमाणपत्र नाही, त्यावर मोठी ॲप एचडी दर्जा देतच नाहीत.

जोडताना सर्रास होणारी चूक विजेची. स्टिकची बारीक वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टला लावली की नीट दिसते, प्लगही वाचतो. पण अनेक टीव्हींच्या त्या पोर्टमधून फक्त अर्धा अँपिअर मिळतो. स्टिक सुरू होते, चालते, आणि सिनेमाच्या मध्यावर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होते. खोक्यात आलेला अडॅप्टर भिंतीवरच्या प्लगला लावला की तक्रार मिटते. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर खोक्यातली वीतभर एचडीएमआय जोडवायर वापरावी. त्यामुळे स्टिक टीव्हीच्या पत्र्यामागून थोडी बाहेर येते आणि वायफायही चांगले पकडते. राउटर त्याच खोलीत असल्यास 5 गिगाहर्ट्झचे वायफाय निवडावे. मध्ये दोन भिंती असल्या तर 2.4 गिगाहर्ट्झ जास्त लांब पोचते.

मग येतो रिमोट. डीटीएचच्या रिमोटवर आकडे असतात आणि आजीला वाहिनीचा क्रमांक पाठ असतो. टीव्ही लावला, तीन आकडे दाबले, मालिका सुरू. चष्मा नसला तरी बोटे चुकत नाहीत. स्टिकच्या रिमोटवर आकडेच नसतात. आधी ॲप, मग प्रोफाइल, मग थेट वाहिन्यांचा विभाग, मग वाहिनी, एवढ्या पायऱ्या. शिवाय ॲपची नवी आवृत्ती आली की मांडणी बदललेली. मुले कामावर गेल्यावर दिवसभर घरात असणाऱ्या माणसाचा टीव्ही त्यामुळे अक्षरशः बंद पडू शकतो, आणि हे नुकसान बिलात कुठेच दिसत नाही. उपाय थोडे आहेत, पण उपयोगी आहेत. लागणारी दोन-तीनच ॲप पहिल्या रांगेत आणून ठेवावीत. आवाजी शोधाचे बटण दाबून मालिकेचे मराठी नाव कसे घ्यायचे ते दोन-चार दिवस शेजारी बसून शिकवावे. मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करून पिन लावावा. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार 13 वर्षांवरील आणि त्यापुढच्या वर्गातल्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलपाची सोय देणे ॲपवर बंधनकारक आहे.

ज्यांना दोन्ही हवे आहे त्यांच्यासाठी मधली वाट आहे. एअरटेल आणि तेव्हाची टाटा स्काय यांनी 2019-20 मध्ये असे अँड्रॉइड बॉक्स आणले, की एकाच बॉक्समध्ये डिशची केबलही लागते आणि इंटरनेटही. अलीकडे जिओ, एअरटेल, बीएसएनएल या कंपन्या फायबरवरूनच थेट वाहिन्या देऊ लागल्या आहेत. छतावर डिश नको आणि वाहिन्या मात्र एका यादीत हव्यात, अशा घराला हे सोयीचे पडते. फक्त इंटरनेट कंपनी बदलली की वाहिन्याही जातात.

बदल महिनाअखेरीस करावा आणि डीटीएचचा शिल्लक रिचार्ज संपेपर्यंत दोन्ही चालू ठेवावे. त्या काळात घरातल्या कोणाचे काय अडते ते कळून येते. टीव्हीला दोन एचडीएमआय पोर्ट असतील तर बॉक्स काढण्याचीही गरज नाही. पुढे डीटीएच बंद करताना बॉक्स विकत घेतलेला की भाड्याचा, हे कंपनीकडून स्पष्ट करून घ्यावे. भाड्याचा परत करून पावती घ्यावी. स्वतःचा बंद पडलेला बॉक्स भंगारात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावा.

डिश मात्र लगेच उतरवू नये. दूरदर्शनची डीडी फ्री डिश सेवा 93.5 अंश पूर्वेवरच्या उपग्रहावरून येते आणि तिला मासिक शुल्क नाही. जुनी डिश मेकॅनिककडून तिकडे वळवून घेतली आणि फ्री डिशचा साधा बॉक्स एकदा विकत घेतला, की सह्याद्री वाहिनी आणि त्या वेळी सेवेवर असलेल्या खासगी मोफत वाहिन्या इंटरनेट बंद असतानाही दिसतात. डिश काढायचीच झाली तर पावसाळ्याआधी काढावी, आणि केबलसाठी भिंतीला पाडलेले भोक बाहेरून सिमेंटने बुजवावे, नाहीतर पहिल्याच पावसात तिथून ओल आत येते.